शनवारकाकांचा वळसा

माझ्या घरमालकांना कुत्र्यांची भीती वाटते, असं मी पहिले काही महिने धरून चाललो होतो. दुसरं कारण सुचत नव्हतं. रोज संध्याकाळी ते फिरायला निघत. डोक्यावर काळी टोपी, पायात करकरणारे बूट आणि ऋतू कुठलाही असो, काखेत छत्री. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतून लक्ष्मीपुरीच्या बाजाराकडे जायचा रस्ता सरळ होता. पण हे मधेच एखाद्या बोळात शिरत, मागच्या गल्लीतून वळसा घालत आणि पुढे पुन्हा त्याच रस्त्याला लागत. एखाद्या महिन्यात पिठाच्या गिरणीच्या अलीकडे वळत. पुढच्या महिन्यात त्याच गिरणीवरून छाती काढून जात आणि सायकलवाल्याच्या अलीकडे वळत. कुत्री जागा बदलतात हे मला मान्य होतं, पण इतक्या शिस्तीनं बदलत असतील असं वाटत नव्हतं.

शेवटी मी विचारलं. ते थांबले, नापास पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही बँकेत कर्जाच्याच टेबलावर बसता ना? मग तुम्हाला कळायला हवं होतं."

मला कळायचं कारण नव्हतं. आमच्या बँकेत कर्ज थकलं की आम्ही त्या माणसाच्या दाराशी मुद्दाम जात असू, शक्यतो शेजारीपाजारी घरी असतील अशा वेळी. घरमालकांचा नियम नेमका उलटा होता. ज्याला आपण पैसे दिलेत आणि ज्याच्याकडे आत्ता परत द्यायला नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या समोरून देणाऱ्यानं जायचं नाही. नुसतं दिसणं हीसुद्धा मागणीच. हा नियम त्यांनी काढलेला नव्हता. त्यांच्या धर्मात तो फार जुना होता. कोल्हापुरात पाळणारे मात्र ते एकटेच होते.

ते बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला कधीतरी गलबत फुटून लागले आणि तिथं तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. वडील संस्थानच्या नोकरीसाठी घाट चढून आले. स्वतः ह्यांनी उद्यमनगरातल्या कारखान्यांत ऑइल इंजिनांची ड्रॉइंगं काढण्यात जन्म घालवला. पेठेत त्यांना सगळे शनवारकाका म्हणत. पेठही शनिवारच असल्यामुळे नव्या माणसाला हे नाव पत्त्यावरून पडलं असावं असं वाटे. शनिवारी ते पैशाला हात लावत नसत, काडी ओढत नसत आणि व्यवहाराचा शब्द कानावर आला तर ट्रॅफिकच्या पोलिसासारखा हात वर करत. दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची धातूची नळी तिरकी ठोकलेली होती. तिच्यात प्रार्थनेचा मजकूर असतो. नवा पोस्टमन तिला बेल समजून दाबत राही आणि काका आतून ओरडत, "ती वरच्याला ऐकू जाते, मला नाही. दार वाजव!"

घरमालक म्हणून ते कडक होते. भाडं एक तारखेला, जिन्यातला दिवा नऊला बंद, आणि दर वर्षी भाडेवाढ. मी एकदा म्हटलं, "काका, साऱ्या पेठेला बिनव्याजी पैसे देता, माझ्यावर एवढी माया का नाही?"

"उसनं फुकट आहे. खोली फुकट नाही," ते म्हणाले. "तुम्हाला धंदा काढायचा असेल तर या, उसनं देतो. त्यातून भाडं भरू नका म्हणजे झालं."

त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. एकेकाळी कोल्हापुरात त्यांच्या समाजाची मूठभर घरं होती. कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. त्या घरांनी मिळून ही पेटी सुरू केली. आपल्यातल्या कुणाला शिलाई मशीन, हातगाडी, घोडागाडी घ्यायची असेल तर पेटीतून पैसे न्यायचे, हप्त्यानं परत आणून टाकायचे, व्याज नाही. इब्री भाषेत त्याला गमीलूत हसादीम म्हणतात. काका त्याचा अर्थ 'माणुसकीची देवघेव' असा सांगत. पुढे एकेक घर इस्रायलला गेलं. जाताना प्रत्येकानं पेटीतला आपला वाटा पेटीतच ठेवला. शेवटी पेटी उरली आणि काका उरले. मुलगा तिकडं बोलवत होता. "तिथं सगळेच शनिवार पाळतात," काका म्हणत, "मला तिथं ओळखणार कोण?"

मला वाचनाचा थोडा नाद होता आणि त्याहून थोडा जास्त वाद घालण्याचा. मी म्हटलं, "काका, तुमच्या ग्रंथात बिनव्याजी द्यायचं ते आपल्या माणसाला. परक्याकडून व्याज घ्यायला परवानगी आहे, असं मी वाचलंय."

"बरोबर वाचलंय."

"मग पेठेतल्या लोकांना बिनव्याजी का?"

"आपली माणसं सगळी गेली. आता पेटीनं मलाच कर्ज द्यायचं काय? आणि परक्याचं म्हणाल, तर ह्या गल्लीत परका कोण ते मला दाखवा. माझा जन्म इथला. तुम्ही बदलीवर आलाय. मोजायला गेलं तर परके तुम्ही निघता."

मी पुढे वाद वाढवला नाही. भाडेवाढीचा महिना जवळ आला होता.

पेटीतून पैसे मिळत ते फक्त कामाच्या साधनासाठी. लग्नाला नाही, बारशाला नाही, निवडणुकीला तर नाहीच. "भीक घेणारा मान खाली घालतो," ते म्हणत, "उसनं घेणारा फक्त तारीख विसरतो. दुसरा बरा." यंत्र घ्यायचं असेल तर ते स्वतः बघायला जात. बघत कसले, ऐकत. डोळे मिटून यंत्राशेजारी उभे राहत आणि निकाल देत, "बेअरिंग खराब आहे. ह्याला पैसे मिळणार नाहीत. माणसाला मिळतील, पण दुसरं यंत्र आण."

खरी पंचाईत पुढे होती. देणाऱ्यानं घेणाऱ्याकडून पैशाशिवाय दुसरं काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, भाजीची जुडी नाही, आभारही नाहीत. कारण तेही व्याजच. कर्जाच्या आधी जो माणूस नमस्कार करत नव्हता, त्यानं कर्जानंतर नमस्कार करायचा नाही. आता कोल्हापुरी माणसाला उपकाराचं ओझं उतरवायला जेवण घालण्याखेरीज दुसरा मार्ग माहीत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आमंत्रणं येत आणि काका ती झुरळासारखी झटकत. गॅरेज टाकलेला एक दांडगा गडी एकदा भर रस्त्यात पायावर पडला.

"आधी पडत होतास काय रे पाया?" काका ओरडले.

"न्हाय."

"मग आता कशाला? ऊठ."

"फेडल्यावर पडू का?"

"फेडल्यावरही नाही."

"आयला," तो गडी कपडे झटकत म्हणाला, "ह्यापरीस बँक परवडली. तिथं निदान शिव्या तरी देता येत्यात."

दुसरा एक हुशार निघाला. त्याला दिवाळीत इस्त्रीचं दुकान टाकायचं होतं, तर त्यानं शिमग्यापासूनच काकांना दोन्ही वेळ नमस्कार सुरू केला. "आधीपास्नंच घालतोय म्हंजे नंतर अडचन नको," असं त्यानं मला जिन्यात समजावून सांगितलं. दिवाळीत त्याला पैसे मिळाले. नमस्कारही चालू राहिला. नियमात बसत होतं.

त्या काळात कोल्हापुरात पतसंस्थांचं पीक आलं होतं. प्रत्येक चौकात एक, आणि प्रत्येकीच्या बोर्डावर संस्थेच्या नावापेक्षा चेअरमनचा फोटो मोठा. अशाच एका चेअरमननी काकांचा सत्कार ठरवला. 'सहकारातील हिरा' असा मजकूर छापूनही झाला. चार माणसं आमंत्रण घेऊन आली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाल कुणाच्या व्याजातली?" माणसं हसली. काका हसले नाहीत. हिऱ्याशिवाय कार्यक्रम पार पडला. ती शाल अखेर चेअरमनांनाच घातली असं ऐकलं, आणि ते मला पटलं.

एवढा सगळा नियमांचा पसारा सांभाळणाऱ्या माणसाच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली नव्हती. कोल्हापुरात कोण कुठून कुठं जातो हे सगळ्यांना दिसतं. काका कुणाच्या दारावरून वळले, म्हणजे त्याचा हप्ता थकला, हे बाजार वाचायला शिकला होता. नुसता वाचायला नव्हे, त्यावर व्यवहार करायला. काका एखाद्या दुकानाच्या अलीकडे वळले की व्यापारी त्या दुकानाची उधारी आखडती घेत. आमचे मॅनेजर, ज्यांना कर्जाच्या अर्जाला अठरा कागद जोडलेले लागत, ते सगळे कागद बाजूला सारून मला हळूच विचारत, "तुमचे घरमालक काल कुठल्या गल्लीनं गेले?"

हे काकांना ठाऊकच असणार आणि त्यांना त्याचं काही वाटत नसणार, अशी माझी समजूत होती. कुत्र्यांबद्दलच्या समजुतीइतकीच ती खरी निघाली.

मागच्या गल्लीच्या तोंडाशी शालनचा डंक होता. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. आमच्याकडे चटणी म्हणजे वाळल्या मिरचीचा कांदा-लसूण घातलेला मसाला, आणि ती वर्षाची एकदम करून ठेवतात. शालन मूळची गारगोटीकडची. नवरा गवंडी, महिन्यातले बरेच दिवस कामावर चंदगडकडे नाहीतर गोव्यात. ती दुसऱ्याच्या डंकावर मजुरीला जायची. जाता-येता काका दिसले की "जय भीम, काका" म्हणायची आणि काका "शालोम, शालन" म्हणायचे. हे कर्जाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं, त्यामुळे पुढेही चालू ठेवायला हरकत नव्हती. तिनं स्वतःचा डंक टाकायचं ठरवलं तेव्हा काका जुन्या बाजारात जाऊन मशीन ऐकून आले आणि पेटी उघडली.

तीन वर्षं तिनं हप्ता चुकवला नाही. लोकांच्या मिरच्या कुटून द्यायची, शिवाय स्वतः तयार चटणी करून विकायची. चौथ्या पावसाळ्यात पत्र्यातून गळलेलं पाणी मोटारीत गेलं. मोटार जळाली. तिची तार नव्यानं भरून घेण्यात साठवलेलं सगळं गेलं आणि हप्ता थांबला. तिनं येऊन तसं सांगितलं. काका म्हणाले, "होईल तेव्हा दे." आणि दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या गल्लीच्या अलीकडे बोळात वळू लागले.

हिवाळा असाच गेला. शिमगा झाला, ऊन तापलं, आणि पेठेतल्या गच्च्यांवर मिरच्या पसरल्या. डंकवाल्यांचा वर्षाचा धंदा ह्या दोन-अडीच महिन्यांत होतो. शालन मिरचीसाठी लक्ष्मीपुरीतल्या अण्णांकडे गेली. अण्णा मिरचीचे मोठे व्यापारी. दर वर्षी तिला पोती उधार देत आणि चटणी विकली गेली की पैसे घेत. ह्या वर्षी त्यांनी मान हलवली. "रोख आण," म्हणाले. तिच्याकडे रोख कुठली? पोती मिळाली नाहीत तर हंगाम जाणार, आणि हंगाम गेला तर मशीन विकावं लागणार, एवढा सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. शनिवार होता. काका पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते आणि मी त्यांचा पेपर वाचत होतो. त्यांनी हात वर केला.

"म्हाईत हाय, शनवार हाय," शालन म्हणाली. "पैशाचं न्हाय बोलायला आलो. चालण्याचं बोलायला आलोय."

हात खाली आला. "बोल."

"माझ्या दारावरनं जायचं का सोडलं तुमी?"

"तुला त्रास नको म्हणून."

"कशाचा तरास?"

"ते आज बोलता येत नाही."

"मग मी बोलतो, तुमी ऐका. माझी मान खाली जाऊ ने म्हणून तुमी बोळातनं जाता. आन् तुमी बोळात शिरला की सगळा बाजार माझ्या दाराकडं बोट करतोय. दूधवाली इचारती, 'शालन, मशीन इकाय काढलीस व्हय?' माझ्या तोंडावर इचारती!"

काकांना हसू आलं. "मी कुठून जातो ते कोण बघत बसलंय?"

"कोन बघत न्हाय ते इचारा की!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेपरची घडी घातली. "आमचे मॅनेजरसुद्धा विचारतात," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मी त्यांना कारखान्यातल्या चुकलेल्या ड्रॉइंगच्या गोष्टी सांगताना ऐकलं होतं. एक रेघ चुकली की शंभर इंजिनं चुकीची ओतली जातात. आता काकांचा तोच चेहरा झाला. आपल्या नुसत्या दिसण्यानंही कुणाला लाज वाटू नये म्हणून तीस-पस्तीस वर्षं बूट झिजवलेला माणूस, आणि तेवढीच वर्षं तो भर बाजारात एकेकाचं नाव पुकारत हिंडला होता.

"आणि दुसरं," शालन म्हणाली. "लक्ष्मीपुरीत एक मानूस बसतोय. त्याच्यापाशी पोत्यात एक तांबडी वस्तू हाय. ती त्यो मला दीना झालाय."

"शालन."

"वस्तूचं नाव घेतलं न्हाय मी."

"कळलं मला." काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "उद्या मला तुझ्या दारावरून जाता येणार नाही. उद्या मी देणारा आणि तू घेणारी." ते थांबले. "पण आज?"

"आज काय?"

"आज मला कुणाकडं काही मागताच येत नाही. मनातसुद्धा. मग आज मी दिसलो तर ती मागणी कशी होईल?" हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मला एकदम एखाद्या धर्मपीठावर बसवल्यासारखं वाटलं. मी घसा साफ करून म्हणालो, "तर्क बरोबर दिसतो."

"तुम्हाला कुणी विचारलं?" काका म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

त्या दिवशी ते शालनच्या डंकासमोर खुर्ची टाकून बसले. चहा घेतला नाही, पाणी घरून नेलेलं प्यायले. गल्लीतली बायकापोरं कामं काढून तिथून जाऊ लागली. दूधवाली तर तीनदा गेली. दुपार कलताना अण्णा स्कूटरवरून आले, पुढे गेले, आणि वळून पुन्हा आले.

"काय शनवारकाका, बरं हाय न्हवं?"

"बरं आहे."

"सगळंच बरं?"

"आज शनिवार आहे, अण्णा."

अण्णांना त्यात पाहिजे ते उत्तर मिळालं. दिवस मावळायच्या आत हातगाडीवरून मिरचीची पोती शालनच्या दारात येऊन पडली. तिनं लगेच देठं मोडायला बायका बसवल्या. मी काकांना म्हणालो, "जिंकलात." ते माझ्याकडे न बघता चालू लागले. घरी येऊन जेवले नाहीत.

रविवारी सकाळी ते मला घेऊन लक्ष्मीपुरीत गेले. अण्णा गादीवर बसले होते, भोवती मिरचीचा खकाणा. काका शिंकत शिंकत म्हणाले, "अण्णा, काल मी बसलो म्हणून तुम्ही पोती पाठवलीत. तुम्हाला वाटलं, तिचं फिटलं. फिटलेलं नाही. माझ्या गप्प बसण्यातून तुमची चुकीची समजूत झाली. ती घालवायला आलोय."

अण्णांनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला.

"म्हंजे पोती माघारी आणू?"

"ते तुम्ही ठरवा. पण आणखी एक ऐका. मी वळतो म्हणजे माणूस बुडाला असं नाही. त्याला वेळ पाहिजे, एवढंच. तुम्ही सगळ्यांनी भलतंच वाचलं, आणि वाचायला मीच लिहून दिलं. पोती तिथं राहिली तर तिच्या उधारीला मी जामीन."

"तुमचं सोताचं पैसं तिच्याकडं आडकल्यात, आन् वर जामीन तुमीच?"

"हो."

"का?"

"तिची भरून आणलेली मोटार काल दिवसभर ऐकलीय मी. चांगली चालतेय."

अण्णांनी पानाचा डबा पुन्हा उचलला. मग नोकराला म्हणाले, "काकास्नी पाणी दे. मरंल शिंकून." आणि काकांना म्हणाले, "माझ्या दारात लोक खोटं बोलून उधारी न्यायला येत्यात. खरं बोलून घालवाय आल्यालं तुमीच पयलं. जावा. ऱ्हाऊ द्यात पोती."

परत येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. शालन कमरेला पदर खोचून, मिरचीनं लाल झालेल्या हातांनी बोळाच्या तोंडाशी उभी. तिच्या दारावरून रविवारी जायचं नाही, म्हणून काका बोळातूनच येणार, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"काका! तुमास्नी कुनी सांगितलं हुतं खरं बोलाय?"

"कुणी नाही."

"अण्णानं पोती उचलली असती म्हंजे?"

"उचलली नाहीत."

"उचलली असती म्हंजे!"

काकांनी छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली. "तर मी तुझ्यापेक्षा जास्त दिवस उपाशी राहिलो असतो," ते अखेर म्हणाले.

"त्यानं माझी चटनी झाली नसती," शालन म्हणाली आणि तरातरा गेली. माझ्या मते त्या सबंध प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं. काकांनाही ते पटलं असावं, कारण सोमवारपासून त्यांनी फिरण्याचा रस्ताच बदलला. आठवड्याचे दिवस ते बाजाराकडे पाठ करून नदीच्या घाटाकडे जात. तिकडं त्यांचं कुणी देणेकरी नव्हतं. आणि शनिवारी मात्र पेठेतल्या एकूण एक गल्लीतून, एकूण एक दारावरून, सगळ्यांना दिसत हिंडत. थकलेल्याच्या, फेडलेल्याच्या, ज्यांनी कधी काही घेतलंच नाही त्यांच्याही. बाजाराला त्यातून काही वाचता येईना. आमच्या मॅनेजरनी महिनाभर वाट बघितली आणि मग नाइलाजानं अर्जाचे कागद तपासायला सुरुवात केली.

शालनचा हंगाम चांगला गेला. अण्णांचे पैसे तिनं पावसाआधी चुकते केले. काकांचे राहिले होते ते थोडे थोडे करत देत होती. दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी ती पदराच्या गाठीत पैसे बांधून आमच्या पायरीशी आली. शेवटचा हप्ता आणलाय हे तिचा चेहरा बघूनच कळत होतं. तिनं तोंड उघडायच्या आत काकांचा हात वर.

शनिवार. तिच्या ध्यानातच नव्हतं.

"मग कवा?"

"तारे दिसले की शनिवार सरतो. तीन तारे."

"बसतो मग. आज दिऊनच जानार. घरात नवरा आलाय, पावणं आल्यात. सकाळपातूर पैसं उरायचं न्हाईत."

ती पायरीवर बसली. काका खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले. मीही जिन्यावर टेकलो. सूर्य बुडाला. एक तारा लवकर दिसला, बऱ्याच वेळानं दुसरा. तिसरा काही निघेना. रस्त्यावरचे दिवे लागले होते, वरून धुरळा. "त्यो काय!" समोरच्या घरातला माणूस ओरडला. "त्यो मोबाइलचा टावर हाय गा," दुसरा म्हणाला. बायका बाहेर आल्या. दूधवाली घागर कडेवर घेऊन उभी राहिली. अण्णा स्कूटरवरून चालले होते, ते थांबले. "काय हुडकताय?" "तारा." "कशापायी?" कुणीतरी सांगितलं. अण्णांनी स्कूटर स्टँडला लावली आणि तेही वर बघू लागले. काका एकटे जमिनीकडे बघत बसले होते. आपण शोधणं हे घाई केल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं.

आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, पण आमच्याकडे वीज वेळ बघून जात नसे. सवयीनं सगळी गल्ली "हॅऽऽ" करून ओरडली, आणि तो आवाज मधेच थांबला. वर आभाळ नुसतं खच्चून भरलं होतं.

"घावला!" शालन ओरडली. "काका, घावला! कंचा बी घ्या!"

काकांनी तेव्हा मान वर केली आणि सावकाश तीन तारे आपले आपण मोजले. मग खिशातून काडेपेटी काढून काडी ओढली, आणि त्या उजेडात तिच्याकडे बघून म्हणाले, "हं. आता बोल, शालन. काय म्हणत होतीस?"